मालगुंडच्या लग्नासाठी जागा

विनोदशेठ मनाचा मोठा माणूस आहे, असं सांगणारे रत्नागिरीत पुष्कळ भेटतील. त्यांतल्या एकानेही त्याच्या स्टुडिओत नोकरी केलेली नाही. दीपाली करत होती, लग्नाच्या आधीपासून. माळनाक्याजवळच्या त्या स्टुडिओत लग्नांचं शूटिंग कापून, जोडून त्याची फिल्म करायची हे तिचं काम. शूटिंग करायचा शिवा. तो नाटे गावचा, बापजाद्यांची होडी सोडून कॅमेरा धरलेला. दोघांचं जमलं ते तिथेच, आणि लग्नाला सुट्टी किती द्यायची यावरून विनोदशेठने घासाघीस केली तीही तिथेच.

दोन पावसाळ्यांमागे शिवा लेप्टोच्या तापाने गेला. ताप आला म्हणता म्हणता माणूस हातचा गेला. त्याचा फोन दवाखान्याच्या गडबडीत कुणी लांबवला तो लांबवलाच. मागे राहिल्या दीपाली आणि तेव्हा नुकती रांगायला लागलेली सानवी. शिवाचे फोटो होते दोन-चार, कारण जो सगळ्यांचे फोटो काढतो त्याचे कुणी काढत नाही. आवाज मात्र एकाच ठिकाणी उरला होता, लग्नांच्या न कापलेल्या शूटिंगमध्ये. कॅमेऱ्यामागचा माणूस दिसत नाही, पण शिवाचं तोंड कधी गप्प नसायचं. "वहिनीनू, हिकडं बघा." "नवरदेवानू, दात दाकवा जरा, हप्त्यानी नाय ना घेतलंत?" गिऱ्हाइकाला फिल्ममध्ये सनई हवी असते, कॅमेरावाल्याची बडबड नको असते. म्हणून दीपालीने वर्षानुवर्षं स्वतःच्या नवऱ्याचा आवाज कापून टाकला होता. "तुझं तोंड कापण्यातच माझा दिवस जातो," असं ती त्याला म्हणायची, आणि "घरी तरी कुठं बोलू देतंस?" असं तो म्हणायचा.

न कापलेलं सगळं शूटिंग डब्यात असायचं. डबा म्हणजे कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलेलं, डिस्क भरलेलं काळं यंत्र. विनोदशेठचा पुतण्या समर्थ पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, त्याने ते आणून बसवलं होतं. तेव्हापासून स्टुडिओची एक रीत पडली. लग्न आलं की त्याच्या तीन प्रती करायच्या: मूळ, कामाची आणि राखीव. प्रत करायला चहा ओतायलासुद्धा वेळ लागायचा नाही. विनोदशेठ गिऱ्हाइकाला मुद्दाम समोर बसवून ते दाखवायचा. "बघा, टिचकीत प्रत! मुंबईत नाय मिळणार असली मशीन. तुमचं लग्न आमच्याकडे तीन जागी सुरक्षित." आणि त्या सुरक्षिततेचं वेगळं बिल लावायचा.

दीपालीने चौथी प्रत केली होती. 'सानवी' नावाचा एक फोल्डर करून त्यात तिने शिवाने शूट केलेली लग्नं उचलून ठेवली होती. दुपारी जेवताना हेडफोन लावायचे आणि थोडंसंच ऐकायचं. फार ऐकलं तर घास उतरत नसे. संध्याकाळी घरी गेली की सानवी विचारायची, "आज बाबा काय म्हणाले?" मग दीपाली सांगायची. एकदा तिने आवाज जाडा करून शिवासारखं बोलून दाखवलं, तर पोर म्हणाली, "हा तर तुझाच आवाज. बाबाचा कसा आहे?" आवाज कसा आहे ते सांगून कळतं होय! तो ऐकवावा लागतो, आणि तेवढं एकच दीपालीला करायचं होतं.

पण स्टुडिओतून काही बाहेर न्यायची सोय नव्हती. कॉम्प्युटरच्या पेनड्राइव्ह लावायच्या जागा समर्थने शेठच्या हुकमावरून बंद केल्या होत्या, आणि आल्याबरोबर फोन काउंटरच्या खणात ठेवावा लागे. पोरांना आत मज्जाव होता. दीपालीने शेठला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "देऊ गो, सीझन संपला की देऊ." सीझन संपला, दुसरा आला, तोही संपला. दीपालीने रेटून धरलं नाही. का धरायचं? मूळ, कामाची, राखीव आणि स्वतःची. चार ठिकाणी नवरा जपून ठेवलेला, घाई कसली? इथेच बाई चुकली, आणि तिच्या जागी दुसरं कुणीही असतं तरी चुकलं असतं.

मार्गशीर्षात मालगुंडच्या एका मोठ्या घरचं लग्न आलं. तीन कॅमेरे, वर ड्रोन. नेमका स्टुडिओचा कॅमेरावाला सदू तापाने पडला, म्हणून आदल्या दिवशीची हळद विनोदशेठने स्वतः शूट केली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो हळदीची आणि लग्नाची भरलेली कार्डं खिशातून काढत रुबाबात आत आला. दीपालीने पहिलं कार्ड लावलं, आणि डब्याने जागा नसल्याचं सांगितलं.

"नसायला काय झालं? जुनं काढ," विनोदशेठ म्हणाला. "राखीव काढ सगळं. मूळ आहे, कामाचं आहे, राखीव कशाला हवं?"

दीपालीने राखीव प्रती पुसल्या. पुसलेलं जाऊन पडतं ती टोपलीही रिकामी केली. जागा होती तेवढीच राहिली, म्हणजे नाहीच.

"कामाच्या काढ."

त्याही काढल्या. एवढी लग्नं पुसूनही डबा तुडुंब तो तुडुंबच. पलीकडच्या टेबलावर दीपालीसारखंच काम करणारी राजश्री खुर्ची सरकवून बघायला आली. विनोदशेठने चष्मा लावला आणि फोल्डरांची बेरीज करायला बसला. बेरीज डब्यात मावेल त्याहून मोठी निघाली. म्हणजे एवढं पुसल्यावरही डब्यात डब्यापेक्षा जास्त माल होता. हिशेबात हातखंडा असलेल्या माणसाला बेरीज फसवते तेव्हा तो बेरजेला शिव्या देत नाही, जवळच्या माणसाला देतो.

"कायतरी गडबड केलंस तू," तो दीपालीला म्हणाला. "काढलं म्हणतंस आणि लपवून ठेवतंस. उठ तिथून."

त्याने स्वतः शोधलं आणि 'सानवी' सापडायला वेळ लागला नाही. आत परक्यांची लग्नं बघून त्याचा चेहरा उजळला, चोर सापडल्यावर उजळतो तसा.

"हे काय गो? गिऱ्हाइकांचा माल विकतंस की काय?"

दीपालीने खरं ते सांगितलं. खाली मान घालून, हळू आवाजात सांगितलं, की त्यात शिवाचा आवाज आहे, पोरीला ऐकवायचा आहे, दुसरं काही नाही. राजश्रीने ओठ चावला. विनोदशेठने एक फाइल उघडली, हेडफोनची वायर काढली आणि स्पीकर मोठा केला.

"आजीनू, तुम्ही नवरीपेक्षा ग्वाड दिसताव, पण जरा बाजूला व्हा," शिवा म्हणाला.

आजवर फक्त तिच्या कानात येणारा आवाज सबंध स्टुडिओभर झाला. राजश्रीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. बाहेर पासपोर्ट फोटोसाठी बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा हसलं. विनोदशेठ तर खदखदून हसला. "मेला तरी माझ्याच पगारावर बडबडतोय," तो म्हणाला. दीपालीला वाटलं, कुणीतरी आपल्या अंगावरचं लुगडं भर बाजारात फेडलं. तिने हात पुढे करून स्पीकर बंद केला.

"हे बघ," विनोदशेठ एकदम मायेने बोलायला लागला. त्याची माया ओळखीची होती, सुट्टी कापण्याआधी यायची तीच. "जागा अडली आहे ती तुझ्या ह्या भानगडीने. मूळ कुठं पळून जातंय? तुझं हे काढून टाक, मालगुंड जाऊ दे एकदा, मग मुळातून हवं ते पेनड्राइव्हवर घालून देतो. शब्द माझा."

दीपालीने विचार केला. मूळ होतंच. मूळ म्हणजे तर अस्सल. तिने स्वतःच्या हाताने 'सानवी' पुसला.

जागा तसूभरही वाढली नाही.

आता मात्र विनोदशेठने पुण्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. समर्थने सगळं ऐकून घेतलं आणि तो हसला.

"काका, आपला बाबल्यामामा आठवतो ना? घरात बाबल्या, शाळेच्या दाखल्यावर सदानंद, मुंबईच्या कंपनीत सॅन्डी. नावं तीन, माणूस एक. नावं मोजाल तर तिघे जण, पंगतीत पान एकच. तुमच्या प्रती तशाच आहेत. प्रत काढली की हा डबा दुसऱ्यांदा काही लिहीत नाही, त्याच मालाला आणखी एक नाव देतो. बदल केलात तर बदललेला तुकडा तेवढाच नवीन लिहितो. म्हणून तर प्रत टिचकीत व्हायची. तुम्ही आज नुसती नावं खोडत बसलात. शेवटचं नाव खोडाल तेव्हा माणूस जाईल आणि पान रिकामं होईल."

"म्हणजे आपण लोकांना तीन प्रती म्हणून सांगतो त्या..."

"एकच, काका. मी तेव्हाच सांगितलं होतं."

विनोदशेठने राजश्रीकडे आणि दीपालीकडे बघितलं. "हे बाहेर कुठं बोललात तर याद राखा," तो म्हणाला. चूक कळल्याची एवढीच खूण त्याच्या तोंडावर होती. दीपालीचं लक्ष नव्हतं. ती बोटांवर मोजत होती. चार ठिकाणी जपलेला नवरा मुळात एकाच ठिकाणी होता, आणि त्याची तीन नावं तिने सकाळपासून आपल्याच बोटाने खोडली होती. आता एकच राहिलं होतं.

"मग मूळ काढायला हवीत," विनोदशेठ म्हणाला. "ज्यांना फिल्म देऊन वर्षं झाली त्यांची काढू. कोण विचारतंय आता?"

ती सगळी लग्नं शिवाचीच होती. त्याच्यानंतरची सदूची.

"शेठ, एक लग्न मला द्या. एकच फाइल द्या. समर्थदादा, पेनड्राइव्हची जागा उघडता येईल ना?"

"येईल की वहिनी, इथून दोन मिनिटांचं काम आहे," समर्थ म्हणाला. "काका, उघडू?"

"नको," विनोदशेठ म्हणाला. "आज हिला उघडली की उद्या सगळेच न्यायला लागतील. आधी जागा कर. बाकीचं मागाहून."

"मागाहून काय उरणार शेठ?"

"रडगाणं नको गो सकाळच्या पारी. मालगुंडवाल्यांचा जावई दोनदा फोन करून गेला."

दीपालीने पुसायला नकार दिला. मग विनोदशेठ स्वतः मागच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरपाशी बसला आणि एकेक लग्न निवडायला लागला. तसं बघितलं तर तो कॉम्प्युटरला भिणारा माणूस, पण पुसायला त्याचा हात अडत नव्हता. दीपाली आपल्या टेबलाकडे धावली. तिला माहीत होतं कुठल्या लग्नात काय आहे. गणपतीपुळ्याच्या एका लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, मागून सानवी रडल्याचा आवाज येतो. त्या दिवशी ती पोरीला घेऊन तिथे गेली होती. आणि शिवा कॅमेरा न हलवता म्हणतो, "सानू, ए सानू, बाबा हिकडं हाय बघ." तिने ती फाइल उघडली, हेडफोन जोडून कानाला लावले आणि ऐकायला लागली. दुसरं करण्यासारखं तिच्या हातात काही नव्हतं.

पाठीमागे जागा सुटायला लागली. एकेका लग्नासरशी डबा हलका होत होता, आणि विनोदशेठ प्रत्येक वेळी "आली, आली" म्हणत होता, जाळ्याला वजन लागल्यासारखा. हळदीची कार्डं गेली, लग्नाचीही गेली. ड्रोनचं शेवटचं कार्ड तेवढं थोडक्यासाठी अडलं.

"समर्था, अरे गणपतीपुळ्याचं काढलं तरी जागा दाखवत नाय," तो फोनवर ओरडला.

"कुणीतरी ती फाइल उघडून बसलंय," समर्थ म्हणाला. "नाव गेलं तरी जोवर उघडी आहे तोवर डबा ती सोडत नाही. बंद केली की गेली."

सगळ्यांनी दीपालीकडे बघितलं. तिने बोलणं अर्धंमुर्धं ऐकलं होतं, पण कळलं पुरतं. खिडकीच्या कोपऱ्यातल्या त्या फुलीवर चुकून बोट पडू नये म्हणून तिने माऊस हाताने दूर सारला. त्या फाइलला आता नाव नव्हतं, तिची प्रत निघत नव्हती. फक्त ती चालू होती, संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती. शिवा डब्यात होता तो एवढ्या एका उघड्या खिडकीपुरता.

ती उठली आणि विनोदशेठच्या पाया पडली. खरोखर पडली, सगळ्यांच्या समोर.

"शेठ, बालवाडी जवळच हाय. पोरीला रिक्षातून घेऊन येते. एकदा ऐकू दे तिला. मग तुम्हीच बंद करा, मी शब्द काढणार नाय. तेवढी उघडी ठेवा."

विनोदशेठने पाय मागे घेतले. बाहेरचं गिऱ्हाईक बघत होतं. "बरं बरं, जा," तो म्हणाला. "मी काय राक्षस हाय? लवकर ये."

राजश्रीला "हात लावू नको गो" असं सांगून दीपाली चप्पल न घालताच धावली. बालवाडीच्या बाईंना काय सांगितलं ते तिचं तिला आठवेना. सानवीला रिक्षात मांडीवर घेऊन ती म्हणाली, "बाबाचा आवाज ऐकायला चाललो आपण." सानवीने विचारलं, "खरा?" दीपाली म्हणाली, "अगदी खरा." रिक्षा मारुती मंदिरापाशी अडली तेव्हा तिने ड्रायव्हरला हात जोडले. पोर टाळ्या वाजवत होती, आणि दीपालीसुद्धा, कशी कोण जाणे, हसत होती.

ती आत शिरली तेव्हा राजश्री तिच्या खुर्चीवर बसली होती. राजश्रीने वर बघितलं नाही. पडद्यावर मालगुंडची हळद होती.

"थांबणार होतो गो," विनोदशेठ मागच्या टेबलावरून समोसा खाता खाता म्हणाला, पण तोंड भरलेलं होतं म्हणून तो पुढचं बोलला नाही. जावयाचा फोन पुन्हा आला असणार. खरं म्हणजे आला नसला तरी त्याने बंद केलीच असती. पाया पडणाऱ्या माणसाला द्यायचा शब्द आणि पाळायचा शब्द, हे त्याच्या लेखी वेगवेगळे होते.

"मी नाय केली," राजश्री पुटपुटली. "त्यांनीच माऊस घेतला. मी नाय म्हटलं होतं त्यांना."

दीपालीने दाराची चौकट धरली. तेवढ्यात सानवी हात सोडवून टेबलाकडे पळाली. हेडफोन तिथेच पडले होते. आई दुपारी कानाला काय लावते ते तिला ऐकून माहीत होतं. दीपाली पुढे होईपर्यंत तिने ते दोन्ही हातांनी डोक्यावर चढवले आणि डोळे मिटून घेतले.

मालगुंडच्या मांडवात नवरीला हळद लागत होती आणि कॅमेऱ्यामागून एक जाडा, खुशीत आलेला पुरुषी आवाज म्हणत होता, "वहिनी, इकडे बघा. हां! आता जरा हसा की."

सानवीचं तोंड फुललं. इतकं फुललेलं ते दीपालीने कधी बघितलं नव्हतं.

"आई, बाबा!" ती मोठ्याने ओरडली. कानावर हेडफोन असले की माणूस ओरडूनच बोलतो. "बाबाच आहे ना?"

राजश्रीने तोंडावर हात ठेवला. दीपालीने पोरीकडे बघितलं. नाही म्हटलं तर त्या तोंडाचं काय होईल ते तिला दिसत होतं. आणि नाही म्हणून पुढे दाखवायचं काय? तिच्यापाशी दुसरा आवाज कुठे होता?

"हो," ती म्हणाली. "बाबाच."

सानवी ऐकत राहिली. एकदा खुदकन हसली. मागे विनोदशेठने घास गिळला, पाणी प्यायला आणि हात पुसत जवळ आला.

"झालं ना मनासारखं? चला, आता हसा जरा, आणि कामाला लागा," तो म्हणाला.

तो आवाज कानावर पडताच सानवीने हेडफोन काढले. ती वळली, आणि मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग ओळख पटल्यासारखी हसली आणि त्याच्याकडे धावली.